हाक कुणी मारली, ऐकली कुणी?

वादाला कारण एक तारा. मिरजेतल्या अडुसष्ट वर्षांच्या एका बाईंनी मुलाच्या आग्रहाखातर रक्ततपासण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज करून घेतलं. चार पानं भरून आकडे आले आणि त्यांतल्या एकाच आकड्यापुढे ठळक तारा होता: टीएसएच ६.८. प्रयोगशाळेनं छापलेली वरची मर्यादा साडेचारच्या आसपास. बाईंना दुपारी गळून गेल्यासारखं वाटायचं, वजनही थोडं वाढलं होतं. मुलगा कागद घेऊन शेजारच्या आत्यांकडे गेला. आत्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलेलं. त्यांची भाची पुण्यात अंतःस्रावी ग्रंथींची डॉक्टर, एंडोक्रायनॉलॉजिस्ट. रविवार होता, भाची घरी आलेलीच होती, आणि त्या ताऱ्यावरून दोघींची जुंपली ती संध्याकाळपर्यंत.

“आकडा चढलाय. बाई बिघडलेली नाही,” आत्या म्हणाल्या.

“बिघडेपर्यंत थांबायचं का?” भाचीनं विचारलं. “ग्रंथींचे आजार चोरपावलांनी येतात, आत्या. माणसाला वाटतं वय झालं, दगदग झाली, झोप पुरली नाही. वर्षं निघून जातात.”

दोघींचं शास्त्र एकच, पण विश्वास वेगळ्या ठिकाणी. आत्यांचा विश्वास शरीराच्या स्वतःला सावरण्याच्या ताकदीवर. तोल सांभाळताना आकडे वरखाली होणारच, दर वेळी धावून जायचं नसतं, असं त्या मानतात. भाचीचा विश्वास वेळेवर. उशिरा आलेले पेशंट रोज बघणारी ती. शरीराच्या सावरण्याला मर्यादा असते आणि ती ओलांडल्याचं बाहेरून कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

आत्यांनी कागद पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर दोन गोल काढले. “टीएसएच थायरॉइडमध्ये तयारच होत नाही, हे आधी त्या मुलाला सांग. ते पिट्युटरीतून येतं. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेली अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी ती. थायरॉइड खाली गळ्यात, वीसेक ग्रॅमची. तिचं काम थायरॉक्सिन बनवून रक्तात सोडणं. रक्तातलं थायरॉक्सिन कमी पडतंय असं पिट्युटरीला जाणवलं की ती टीएसएच वाढवते. पुरेसं झालं की आवरतं घेते. आपल्याकडे तंबोरा जुळवणारे बघितलेत ना तू? खुंटी पिळायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा पिळायची. टीएसएच म्हणजे खुंटीवरच्या हाताचा जोर. सूर म्हणजे थायरॉक्सिन. या कागदावर तारा आहे तो जोराला. सूर कुठाय?”

भाचीनं तिसरं पान काढलं. फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं थायरॉक्सिन, मर्यादेत होतं.

“मग सूर लागलेला आहे. हाताला जरा जास्त पीळ द्यावा लागतोय, एवढंच.”

“तोच तर पहिला इशारा,” भाची म्हणाली. “पिट्युटरीइतकं संवेदनशील मोजमाप आमच्या कुठल्या यंत्रात नाही. थायरॉक्सिन निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपटीपर्यंत उसळू शकतं. म्हणजे थायरॉइड थकायला लागली की तिच्या आधी पिट्युटरी बोलते. तिचं ऐकायचं नाही, तर मोजायचं कशाला?”

आत्यांचं उत्तर तयार होतं. टीएसएच रात्री चढतं, दुपारी उतरतं. मोठ्या आजारातून उठताना ते काही आठवडे वाढलेलं असतं. वयाबरोबर त्याची पातळी निरोगी माणसातही जरा वर सरकते. केसांसाठी, नखांसाठी म्हणून घेतलेल्या गोळ्यांमधलं बायोटिन काही प्रयोगशाळांच्या रसायनात ढवळाढवळ करून आकडाच खोटा आणतं. एका सकाळच्या एका थेंबावर माणसाला जन्माची गोळी लावायची का?

या प्रश्नाला भाचीकडे खरा पुरावा होता, आणि तो आत्यांच्या बाजूचा होता. तो तिनं लपवला नाही. २०१७ साली युरोपातल्या चार देशांत झालेल्या ‘ट्रस्ट’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पासष्ट वर्षांवरचे ७३७ लोक, टीएसएच थोडं वाढलेलं, टी-फोर ठीक. निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं थायरॉक्सिन, दिलं, निम्म्यांना औषध नसलेली हुबेहूब गोळी. गोळी घेणाऱ्यांचं टीएसएच छान खाली आलं. थकवा मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला. शिवाय या वयात थायरॉक्सिन गरजेपेक्षा जास्त झालं तर हृदयाची लय बिघडते आणि हाडं ठिसूळ होतात, हेही भाचीनंच सांगितलं. मुलाच्या आईची, म्हणजे काकूंची, तपासणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायची, थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का ते बघायचं आणि थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि झोप तपासायची, यावर दोघींचं लगेच एकमत झालं.

मुलगा समाधानानं घरी गेला. दोघी थांबल्या नाहीत, कारण काकूंपुरता प्रश्न सुटला तरी मुळातला मतभेद शाबूत होता.

“तुमच्या शास्त्राची सुरुवातच बघ,” आत्या म्हणाल्या. “१८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार. बहात्तर वर्षांचा नामांकित शास्त्रज्ञ. कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि विद्वानांच्या सभेत उभं राहून सांगितलं, की मी पुन्हा तरुण झालो, जिने धावत चढतो. त्या पाण्यातल्या अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळपास नव्हतंच. त्याला जे वाटलं ते मनानं वाटलं. पण जगभर ते इंजेक्शन विकलं गेलं. आज मोबाइलवर कॉर्टिसोल उतरवणारी चूर्णं विकतात ती त्याचीच नातवंडं.”

“आणि दोनच वर्षांनी काय झालं?” भाचीनं विचारलं. “१८९१. इंग्लंडमधलं न्यूकॅसल. जॉर्ज मरे नावाचा तरुण डॉक्टर. शेहेचाळीस वर्षांची बाई, थायरॉइड संपलेली. चेहरा सुजलेला, कातडी कोरडी, बोलणं संथ, सारखी थंडी वाजायची. मरेनं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला आणि काही महिन्यांत ती बाई माणसांत आली. पुढं अठ्ठावीस वर्षं जगली. तेवढ्या वर्षांत ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्यासाठी लागल्या. हाही अर्कच होता, आत्या. ब्राउन-सेकारसारखाच. फरक इतकाच, की इथे जे कमी होतं तेच दिलं आणि जे दिलं ते त्या अर्कात खरोखर होतं.”

दोन वर्षांच्या अंतरानं घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या की अंतःस्रावी ग्रंथींच्या सगळ्या इतिहासाची मेख हाती लागते. उणीव खरी असेल आणि ती नेमकी ओळखली असेल, तर या शास्त्रासारखा चमत्कार वैद्यकात दुसरा नाही. टोरांटोत ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं तेव्हा तो हाडांचा सापळा होता. पहिला अर्क अशुद्ध होता, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिपनं तो रात्रंदिवस खपून शुद्ध केला आणि बाराच दिवसांनी दिलेल्या इंजेक्शननं मुलाची साखर उतरली. लेनर्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला. त्याआधी अशा मुलांच्या आईबापांना डॉक्टर उपासमारीचा आहार सुचवायचे, म्हणजे मरण काही महिने लांबायचं. इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि सहकाऱ्यांनी त्याचे हक्क विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकले. हे सगळं आत्यांनी वर्गात कित्येक वर्षं शिकवलेलं आहे. त्यांचा आक्षेप इन्शुलिनला नाही.

“माझा आक्षेप ‘कमी-जास्त’ या भाषेला आहे,” त्यांनी स्पष्ट केलं. “हार्मोन रक्तात आलं म्हणजे काम झालं असं नसतं. रक्तातून ते सगळ्या शरीरभर फिरतं, पण ज्या पेशीत त्याचा रिसेप्टर आहे तीच ते ऐकते. बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो. इकडे हाक मारणारी ग्रंथी ठणठणीत आणि तिकडे ऐकणारी पेशी बहिरी, असं झालं तर तुझा आकडा काय सांगणार?”

त्यांनी दिलेलं उदाहरण ठाशीव आहे. काही मुली मुलगी म्हणूनच जन्मतात, वाढतात. पाळी येत नाही म्हणून तपासणी होते आणि कळतं, की गुणसूत्रं एक्स-वाय आहेत, पोटात वृषणं आहेत आणि रक्तात पुरुषांइतकं टेस्टोस्टेरॉन आहे. फक्त ते ऐकणारा रिसेप्टर निकामी आहे. रक्तात भरपूर हार्मोन असूनही शरीरावर त्याचा परिणाम नाही. आकडा बघून कुणी या मुलीबद्दल काही ठरवायला गेलं, तर सगळंच चुकेल.

भाचीनं त्याला लेप्टिनची जोड दिली, आणि ती दोन्ही बाजूंनी कापणारी होती. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमनच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचं जनुक सापडलं. चरबीच्या पेशी हे हार्मोन सोडतात आणि ते मेंदूला साठा पुरेसा असल्याचं कळवतं. चरबी ही नुसती साठवण नव्हे, ती स्वतःच एक ग्रंथी आहे, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. काही थोड्या मुलांमध्ये हे जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. अशा एका नऊ वर्षांच्या, ९४ किलो वजनाच्या मुलीला केंब्रिजच्या डॉक्टरांनी लेप्टिन दिलं. तिची न शमणारी भूक आवरली आणि वजन उतरत गेलं. औषध कंपन्यांना वाटलं, लठ्ठपणाचं उत्तर सापडलं. पण साध्या लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन आधीच उदंड असतं. मेंदू ते ऐकेनासा झालेला असतो. आणखी ओतून फारसं काही हाती लागलं नाही.

“म्हणजे माझंच म्हणणं,” आत्या म्हणाल्या.

“अर्धं तुझं. ती नऊ वर्षांची मुलगी माझी.”

इन्शुलिनचंही तसंच: रक्तात भरपूर असतं, पण पेशी ते ऐकेनाशा होतात. आणि इथे बोलणं पुण्यावर आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर, जॉन यडकिन यांच्याबरोबर, एक छोटंसं टिपण ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. दोघांचे फोटो शेजारी शेजारी, दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास याज्ञिकांच्या गटानं चालवला आहे. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. वजन एवढं कमी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकलेली. पुण्यातल्या नवजातांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिनही लंडनच्या बाळांपेक्षा जास्त निघालं. प्रौढपणी मधुमेह होण्याआधी कितीतरी वर्षं, किंबहुना पाळण्यातच, स्वादुपिंडाला जास्त जोर लावावा लागतोय, असा त्याचा अर्थ.

भाचीच्या मते आपल्याकडे थांबून बघण्याची चैन परवडत नाही ती यासाठीच. “उपाशीपोटीची साखर ९५ आली की माणूस खूश. पण ती ९५ ठेवायला त्याचं स्वादुपिंड किती इन्शुलिन ओततंय, ते कुणी विचारत नाही. मघाशी तू जोर आणि सूर म्हणालीस ना? इथे सूर ठीक दिसतो, आणि जोर कुणी मोजत नाही.”

आत्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, की यावरचा इलाज तरी कुठे गोळीत आहे? मुलगी वयात येते तेव्हा तिच्या ताटात काय असतं, गरोदरपणी तिला दूध, भाजी, बी-१२ मिळतं का, इथून तो सुरू होतो. भाचीला हे मान्य होतं. या मुद्द्यावर वाद झालाच नाही. बहुतेक घरांत मुलीच्या ताटाबद्दल जेवढा वाद व्हायला हवा तेवढा होत नाही, हे मात्र इथे नोंदवायला हवं.

दुपारनंतर भाचीनं आपला सगळ्यात भक्कम मुद्दा मांडला. शीहॅन सिंड्रोम. १९३७ साली ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड शीहॅन यांनी त्याचं वर्णन केलं. गरोदरपणात पिट्युटरी फुगते, पण तिला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या नाजूकच राहतात. बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव झाला, रक्तदाब कोसळला, की ही ग्रंथी उपाशी पडते आणि तिचा मोठा भाग मरतो. बाई वाचते. घरचे देवाचे आभार मानतात.

“आणि मग तिला दूधच येत नाही,” भाची सांगत होती. “आजूबाजूच्या म्हणतात, अशक्त आहे, अळीव खायला द्या. पाळी परत येत नाही. म्हणतात, मूल अंगावर पितंय म्हणून असेल. पण दूध तर आलेलंच नसतं. काखेतले केस झडतात, चेहरा पांढुरका पडतो, थंडी सोसत नाही. पाच-दहा वर्षं ताकदीचं सलाइन आणि टॉनिकच्या बाटल्या. मग एक दिवस साधे जुलाब होतात आणि बाई बेशुद्ध होऊन येते, रक्तातलं सोडियम तळाला गेलेलं. आता तू सांग, हिचं टीएसएच किती असेल?”

“कमी. किंवा नॉर्मल,” आत्या लगेच म्हणाल्या. टीएसएच बनवणारी ग्रंथीच गेलेली, मग ते चढणार कुठून?

“नॉर्मल. तारा नाही, काही नाही. त्या पॅकेजवाल्याच्या कागदावर ही बाई ठणठणीत आहे. टी-फोर मोजलं तर ते तळाला असतं.”

विशेष म्हणजे हे उदाहरण दोघींनीही आपापल्या बाजूचं मानलं. एकटा आकडा फसवतो, हे आत्यांचं म्हणणं. वेळेत न बघितल्यानं एका बाईच्या आयुष्याची दहा वर्षं गेली, हे भाचीचं. इथे भाचीचं पारडं जड आहे. कारण या बाईला शोधायला महागडं यंत्र लागत नाही. बाळंतपणात किती रक्त गेलं आणि दूध आलं होतं का, हे दोन प्रश्न पुरतात, आणि ते प्रश्न कुणीतरी मुद्दाम विचारावे लागतात. शरीर इथे स्वतःला सावरत नाही.

उपचाराचा क्रम आत्यांनी सांगितला, आणि त्यातून ग्रंथी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत ते उघड झालं. या बाईला थायरॉक्सिनची गोळी आधी दिली तर ती दगावू शकते. थायरॉक्सिन शरीराचा वेग वाढवतं, त्याबरोबर उरलंसुरलं कॉर्टिसोलही भराभर संपतं. पिट्युटरीचा हुकूम नसल्यानं मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी नवं कॉर्टिसोल बनवत नाहीत. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे बाहेरून दिलेलं कॉर्टिसोल, मग थायरॉक्सिन. एक हार्मोन दुसऱ्याशिवाय औषध ठरत नाही, उलट घात करतं.

पिट्युटरीला पूर्वी पुस्तकांत सगळ्या ग्रंथींची राणी म्हणायचे. जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं, की ही राणीही हुकमाची ताबेदार आहे. तिच्यावरच्या हायपोथॅलॅमसमधून बारीक रक्तवाहिन्यांतून संदेश येतात आणि त्या वाहिन्या तोडल्या की ती गप्प होते. ते संदेश शोधायला रॉजर गियमँ आणि अँड्र्यू शॅली यांनी वर्षानुवर्षं मेंढ्यांचे आणि डुकरांचे मेंदू लाखांनी गोळा केले. १९६९ साली हाती लागला तो अवघ्या तीन अमिनो आम्लांचा रेणू, टीआरएच. १९७७ साली दोघांना नोबेल मिळालं.

कॉर्टिसोलचा विषय निघाला आणि आत्यांचा आवाज चढला. सांधेदुखीवर, दम्यावर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचा विषय होता. त्यांतल्या कित्येकांत कॉर्टिसोलसारखं काम करणारं स्टेरॉइड मिसळलेलं असतं. फिलिप हेंच यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताने खिळलेल्या रुग्णांना कॉर्टिसोन दिलं तेव्हा ते उठून चालायला लागले होते. तोच गुण पुडीतून येतो. चार दिवसांत दुखणं थांबतं आणि गावभर पुडीचं नाव होतं.

“आत काय होतं ते ऐक,” त्या भाचीला नव्हे, जणू भरलेल्या वर्गाला सांगत होत्या. “रक्तात बाहेरून स्टेरॉइड आलं. पिट्युटरीला वाटतं, कॉर्टिसोल भरपूर आहे. ती ॲड्रिनलला हुकूम देणं थांबवते. हुकूम नाही म्हणून ॲड्रिनल सुकत जाते. चेहरा गोल होतो, कातडी पातळ होते, साखर चढते, हाडं पोखरतात. मग कुणीतरी शहाणा सांगतो, पुडी बंद कर. आजी एका दिवसात बंद करते. चार दिवसांनी ताप येतो. ताप आला की निरोगी ॲड्रिनल कॉर्टिसोल कितीतरी वाढवते. हिची वाढवू शकत नाही. रक्तदाब कोसळतो. पुडी देणाऱ्यानं एक ग्रंथी मुकी केली आणि बाहेरून त्याचा मागमूस नाही. म्हणून मी म्हणते, चालू असलेल्या व्यवस्थेत हार्मोन घालताना दहादा विचार करा. तुम्ही फक्त भर घालत नाही, आतल्याला गप्प करता.”

भाची यावर काही बोलली नाही, कारण अशा आजी तिनं वॉर्डात बघितल्या आहेत. तिनं फक्त एवढं जोडलं, की ज्यानं काही आठवडे तरी अशी पुडी घेतली आहे त्यानं ती स्वतःच्या मनानं एकदम कधीही सोडू नये. डॉक्टरकडे जावं, पुडी दाखवावी. स्टेरॉइड हळूहळू उतरवत न्यावं लागतं. ॲड्रिनल जागी व्हायला महिने लागतात.

मग बोलणं मिठावर आलं. आत्यांच्या मते विसाव्या शतकातला भारतातला सगळ्यात मोठा ग्रंथिउपचार हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात झाला. १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ, एकाला साधं. काही वर्षांत आयोडीनच्या विभागांत मुलांमधला गलगंड घटला, साध्या मिठाच्या विभागात तसा घटला नाही. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्रौढ माणसाला दिवसाला लागतं अवघं १५० मायक्रोग्रॅम आयोडीन. डोंगरातल्या पावसानं मातीतलं तेवढंही धुऊन नेलं होतं.

“तपासणी नाही, गोळी नाही, आकडा नाही,” आत्या म्हणाल्या. “ग्रंथीला तिचा कच्चा माल दिला. बाकीचं तिचं तिनं केलं.”

“आणि ज्या बाळाला ग्रंथीच नसते, त्याला मीठ काय करणार?”

हा प्रश्न भाचीनं राखून ठेवलेला असावा. जगात साधारण तीन-चार हजार जन्मांमागे एक बाळ थायरॉइडशिवाय किंवा निकामी थायरॉइड घेऊन येतं. भारतातल्या पाहण्यांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आढळलं आहे. जन्मताना बाळ गोंडस दिसतं, कारण पोटात असताना आईचं थायरॉक्सिन त्याला थोडंफार मिळत असतं. काही आठवड्यांनी आवाज घोगरा होतो, कावीळ रेंगाळते, पोट साफ होत नाही, बाळ फार झोपतं. शांत बाळ म्हणून कौतुक होतं. तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं आणि ते नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी भरून येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर तेच मूल शाळेत इतरांच्या बरोबरीनं शिकतं. क्युबेकमध्ये जाँ द्युसो यांनी १९७० च्या दशकात टाचेतून घेतलेल्या थेंबभर रक्तावर ही तपासणी सुरू केली. आज बऱ्याच देशांत एकही बाळ त्याशिवाय सुटत नाही. गोव्यानं २००८ साली सरकारी रुग्णालयांत नवजात तपासणी सुरू केली, केरळमध्येही ती होते. देशभर सगळीकडे ती अजून सक्तीची नाही.

“इथे तू मला थांब म्हणशील?” भाचीनं विचारलं.

“नाही,” आत्या म्हणाल्या. “पण टाच कधी टोचणार, ते सांग.”

प्रश्न खोचक वाटला तरी तो अगदी कामाचा होता. बाळ आईच्या उबेतून बाहेरच्या गारठ्यात येताच पिट्युटरी टीएसएचचा लोंढा सोडते. पहिल्या अर्ध्या तासात निरोगी बाळाचंही टीएसएच साठ-सत्तरपर्यंत चढतं आणि मग दोन-तीन दिवसांत उतरतं. पहिल्या दिवशी टाच टोचली, तर निम्म्या वॉर्डावर तारे पडतील आणि आया हवालदिल होतील. म्हणून रक्त ४८ ते ७२ तासांनी घ्यायचं.

“सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवसाआधी कितीतरी बायका घरी जातात,” भाची म्हणाली. “त्यांच्यासाठी नाळेतलं रक्त. प्रसूतीच्या वेळीच घ्यायचं, लोंढा सुरू व्हायच्या आधी.”

“अडलेल्या बाळंतपणात नाळेतलंही चढलेलं येतं. बाळाला ताण पडलेला असतो.”

“येतं. म्हणून त्या आकड्यावर गोळी नाही सुरू करत, फेरतपासणीला बोलवतो. चौथ्या-पाचव्या दिवशी.”

“बाई तोवर माहेरी गेलेली असते. पत्ता सासरचा लिहिलेला.”

भाचीनं कागद पुढे ओढला. त्यावर तिनं नोंदवायच्या गोष्टी लिहायला घेतल्या: माहेरचा पत्ता, दोन मोबाइल नंबर, माहेरच्या गावच्या आशाताईंचं नाव, आणि फेरतपासणीत टीएसएच चढं, टी-फोर खाली आलं तर त्याच दिवशी आईच्या दुधात कुस्करून पहिली गोळी. आत्यांनी त्यात एक ओळ घालायला लावली: प्रसूती अडली होती का, बाळ लगेच रडलं का.